गोव्यात स्कुबा: परतीच्या घाटापासून उलटं मोजा

गोव्याची सहल आखताना बरेच जण स्कुबा शेवटच्या दिवसावर टाकतात. सकाळी डाइव्ह, दुपारी मासळीचं ताट आणि संध्याकाळी चोर्ल्यातून बेळगाव नाहीतर आंबोलीवरून कोल्हापूर. हा क्रम उलटा करा.

पाण्याखाली दाबाने घेतलेल्या हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो आणि सावकाश बाहेर पडतो. तो निघून जाण्याआधीच उंचावर गेलात तर बाहेरचा दाब कमी होतो आणि नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यासारखे. मग सांधे ठणकतात, हातापायाला मुंग्या येतात, उगाच गळून गेल्यासारखं वाटतं. डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नाही, हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो, घाटाचा कुणी सांगत नाही. सुमारे ६०० मीटरच्या वर जायचं असेल तर रस्त्यालाही तोच नियम लागू. आंबोली सातशेच्या आसपास, चोर्ला त्याहून वर. एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास थांबा. दिवसात दोन किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर किमान १८. पहिल्यांदा उतरणारे फार खोल जात नाहीत, त्यामुळे धोका कमी. तरी नियम पाळा. कोकण रेल्वेने मुंबईला जाणाऱ्यांची ही कटकट टळते.

हंगाम ऑक्टोबर मध्यापासून मे मध्यापर्यंत. बोटी वास्कोसमोरच्या ग्रँड आयलंडकडे जातात. जवळच जुवारीचं मुख, म्हणून पाणी अंदमानसारखं निळंशार नसतं. तीन ते आठ मीटरवरचं दिसलं तरी दिवस चांगला समजा. पाणी मात्र उबदार. तारीख ठरवताना तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त, गाळ ढवळलेला. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, तेव्हा पाणी निवळ मिळण्याची शक्यता अधिक. आणखी स्वच्छ पाणी हवं असेल तर कारवारच्याही खाली, मुर्डेश्वरसमोरचं नेत्राणी बेट गाठा.

पैसे भरण्याआधी विचारा: प्रत्यक्ष पाण्याखाली किती मिनिटं? एका प्रशिक्षकामागे किती जण? (दोन उत्तम, चारच्या वर नको.) बोटीवर ऑक्सिजन आहे का? आरोग्याचा फॉर्म भरून घेता का? पॅरासेलिंग, बनाना राइड, जेवण आणि स्कुबा एकाच स्वस्त पॅकेजात असेल, तर स्कुबाच्या वाट्याला बहुधा दहा-पंधरा मिनिटंच येतात. फॉर्ममध्ये दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण लपवू नका. वयाची अट साधारण १० वर्षं पूर्ण. पोहता येत नसलं तरी प्रशिक्षकाचा हात धरून करायची ट्रायल डाइव्ह जमते. १८ मीटरपर्यंतचं ओपन वॉटर प्रमाणपत्र हवं असेल तर पोहता यायलाच हवं आणि तीन-चार दिवस हाताशी ठेवा.

आदल्या रात्री दारू नको. गोव्यात हे सांगणं जिवावर येतं, पण शरीर कोरडं पडलं की बुडबुड्यांचा धोका वाढतो. सकाळी दोन इडल्या पुरेत, पुरी-भाजी नको. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधी तासभर घ्या.

पाण्यात सर्वाधिक डाइव्ह बिघडतात त्या कानांमुळे. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि त्यातला सर्वात जाचक बदल पहिल्या दोन-तीन मीटरांतच असतो. नाक चिमटीत धरून हळूच फुंका. दुखायची वाट न पाहता, दर अर्ध्या-एक मीटरला. कान मोकळा होत नसेल तर जोर लावू नका, थोडं वर या, पुन्हा करून बघा. पडसं असेल तर उतरूच नका. श्वास कधीही रोखू नका: वर येताना छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं.

मास्कमध्ये पाणी शिरतं ते बहुतेकदा मिशीमुळे किंवा आत अडकलेल्या केसांमुळे. काच धुरकट होऊ नये म्हणून आत थुंकी चोळून खळबळून टाका. किळस वाटली तरी उपाय जुना आणि खात्रीचा. खुणांमध्ये एक फसवी आहे: अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘वर चला’. ठीक आहे सांगायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करा. खडकाला, प्रवाळाला हात लावू नका. लायनफिशचे काटे विषारी असतात आणि प्रवाळाला कायद्याचं संरक्षण आहे.

प्रमाणपत्रधारकांनी सिलिंडरमध्ये ५० बार (हवेच्या दाबाचं माप) शिल्लक असतानाच बोटीवर परतावं. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरहून जास्त नको आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा.

दुसऱ्या दिवशी कानाला दडा बसल्यासारखं वाटलं तर घरच्या सवयीने कोमट तेल घालू नका. पडद्याला इजा झालेली असेल तर ते आत उतरतं. दुखत असेल किंवा ऐकू कमी येत असेल तर कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा आणि तोवर पुढची डाइव्ह रद्द.