तोंडी बोलीवर घर भाड्याने घेतलंय? निदान या चुका टाळा

दर जूनला पुण्यात नवीन पोरांचा लोंढा येतो आणि पुढच्या मे महिन्यात त्यातलेच चारपाच जण डिपॉझिट अडकलं म्हणून मला फोन करतात. कागद काय केलाय असं विचारलं की ठरलेलं उत्तर, "कागद असा नाही, पण काका खूप चांगले होते." चांगले असतातच हो, डिपॉझिट परत द्यायची वेळ येईपर्यंत.

मीपण तेच करून बसलोय. कर्वेनगरला वन आरके, भाडं ७५००, डिपॉझिट ३० हजार रोख. मालक म्हणाले, अॅग्रीमेंटला पैसे कशाला घालवतोस, तू आम्हाला मुलासारखा. दोन वर्षांनी खोली सोडताना या मुलाला हिशेब मिळाला: रंगकाम १२ हजार, किचन ट्रॉलीचं चॅनल २ हजार, आणि डिपॉझिट म्हणे २५च दिलं होतंस. हातात ११ हजार. ते चॅनल मी यायच्या आधीपासून खिळखिळं होतं, पहिल्याच दिवशी काकूंनी स्वतः "जरा उचलून ओढत जा" म्हणून शिकवलं होतं! पण फोटो कुठंय? रंगाचा तर विषयच निघाला नव्हता, आणि न निघालेला विषय नेहमी मालकाच्या बाजूने निघतो.

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो. बोलणं झालं की जिन्यातच उभं राहून व्हॉट्सअॅप टाकायचा: "काका, आत्ता ठरल्याप्रमाणे भाडं ७५००, डिपॉझिट ३० हजार दिलं, लाईटबिल माझं, सोडताना रंगाचे पैसे नाहीत, एक महिना आधी सांगायचं. बरोबर ना?" नुसता अंगठा आला तरी खूप झालं. मग सामान आत न्यायच्या आधी मोबाईलवर व्हिडिओ, नळ, गिझर, ट्रॉल्या, भिंतीची ओल सगळं, आणि मीटरच्या रीडिंगचा फोटो वेगळा. दहा मिनिटं लागतात, पण पोरांना आधी वायफाय लावायची घाई असते.

दुसरी चूक उलट्या टोकाची. कागद नाही म्हणजे आपला काही हक्कच नाही असं धरून गप बसणं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ बघा. करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची, तुमची नाही. ती केली नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणतो ते खरं धरायचं, उलट सिद्ध होत नाही तोवर. शिवाय मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे शांतपणे सांगितलं तरी बरेच काका जरा मऊ होतात. पण "सिद्ध होत नाही तोवर" हे शब्द विसरू नका, वरचा व्हॉट्सअॅप त्यासाठीच. आणि नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे, हे किती वेळा सांगायचं?

भाडं रोख देत असाल तर पावती मागा, द्यायचं बंधन मालकावर आहे. नाहीतर यूपीआय करा आणि नोटमध्ये महिना लिहा.

भांडण झाल्यावर मालकाने पाणी किंवा लाईट तोडली तर त्याच कायद्याच्या कलम २९ नुसार त्याला मनाई आहे, तक्रार करता येते. तुम्ही परस्पर वायर जोडायला जाऊ नका.

"शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून कापून घ्या" हा सगळ्यांचा लाडका शॉर्टकट. मला अजिबात पटत नाही, मालकाने लेखी हो म्हटलं नसेल तर थकबाकीदार तुम्हीच ठरता.

बाकी ज्या खर्चाला सगळे घाबरतात तो तरी किती? महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० आणि स्टँप ड्युटी पाव टक्का, म्हणजे माझ्या त्या खोलीला ११ महिन्यांचे दोनशे-सव्वादोनशे. एजंटची हमाली वेगळी धरा. तो वाचवायला जाऊन मी डिपॉझिटचे १९ हजार घालवले.