डबल डोस मारू नका: तणनाशकाच्या या चुका टाळा

खारघरला आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला दर पावसाळ्यात गाजर गवत आणि टाकळा कमरेएवढा वाढतो. गेल्या वर्षी २,४-डी नावाचं तणनाशक आणून मारलं, दुसऱ्या दिवशी सगळं हिरवंगारच, माळीकाका म्हणाले, "साहेब, औषध डुप्लिकेट दिसतंय, डबल मारू का?" आणि मी हो म्हटलं.

इथेच चुकलं. योग्य डोसात २,४-डी तण जाळत नाही. झाडात ऑक्सिन नावाचं वाढीचं हार्मोन असतं, हे त्याची नक्कल आहे, फक्त स्वतःचं ऑक्सिन झाड जागेवर आवरतं, हे नकली त्याला लवकर मोडताच येत नाही, मग इथिलीन हे वायुरूप हार्मोन वाढतं, पाठोपाठ ॲब्सिसिक ॲसिड हे आणखी एक हार्मोन वाढतं, पानांची छिद्रं मिटतात आणि अन्न बनणं बंद. एक-दोन दिवसांत शेंडा वाकला, देठ पिळवटला की समजायचं काम सुरू झालंय. मरायला एक ते तीन आठवडे लागतात. डबल डोसने पानं आधीच करपली, औषध खाली मुळांपर्यंत उतरलंच नाही, आणि आमचं गाजर गवत बुडातून परत फुटलं.

दुसरी चूक मात्र महागात पडली. तोच फवारणीचा पंप नुसता पाण्याने विसळून गच्चीवरच्या टोमॅटोवर नीम तेल मारलं. आठवड्याने नवी पानं अरुंद, दोऱ्यासारखी, शिरा एकमेकींना चिकटल्यासारख्या. मला वाटलं चुरडा-मुरडा, म्हणजे पांढऱ्या माशीने पसरणारा व्हायरसचा रोग, म्हणून पांढऱ्या माशीचं औषध दोनदा मारलं, काय उपयोग! व्हायरस असता तर एखाद-दुसऱ्या कुंडीपासून सुरू झाला असता, इथे फवारलेल्या सगळ्या कुंड्या एकदम वाकड्या. टोमॅटो, मिरची, कापूस यांना २,४-डीचा अंशही सोसत नाही. आता तणनाशकाच्या पंपाला लाल पट्टी आहे, तो गच्चीवर चढत नाही.

हरळी २,४-डीनं मरत नाही, गवतवर्गीय झाडं हे बऱ्यापैकी पचवतात. तिथे लोक ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक मारतात, त्याचं गणित उलटं: ज्या ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो ॲसिडपासून ऑक्सिन बनतं, तेच ते झाडाला बनवू देत नाही. पण डबक्यातलं गढूळ पाणी घेतलंत तर औषध मातीलाच चिकटून बसतं. वारा सुटला किंवा आभाळ भरून आलं असेल तर फवारणी नकोच.

आणि हो, पाटी लावा. आमच्याकडे फवारलेल्या भिंतीशी दोन बायका भाजीसाठी टाकळा खुडत होत्या, माळीकाका ओरडत धावले म्हणून बरं.