बेळगावच्या हिंडलगा जेलमधला कच्चा कैदी: एक तृतीयांश मुदत भरली की काय करायचं

ज्याला आजवर कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही, त्याने आरोपातल्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीच कोठडीत, काढला की न्यायालयाने त्याला बंधपत्रावर सोडायचं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं. आधी कधी शिक्षा झाली असेल तर मुदत निम्मी. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते, तिथे हे कलम चालत नाही.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ४३६अ सगळ्यांना निम्मी मुदतच देत होतं. एक तृतीयांशाची सवलत नव्या विधेयकातून आली. ते लोकसभेने २० डिसेंबर २०२३ ला आणि राज्यसभेने दुसऱ्या दिवशी मंजूर केलं. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले होते. ४७९ च्या पोटकलम २ वर (ते शेवटी येतं) जितका काथ्याकूट व्हायला हवा होता तितका झाला नाही, हे त्याची भाषा वाचली की जाणवतं. कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. गुन्हा त्याआधीचा असला तरी हा लाभ मिळतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलं आहे. "तुमची केस जुन्या कायद्यातली" असं कुणी सांगितलं तर हाच आदेश दाखवा.

आधी हिशेब

अटकेच्या तारखेपासून मोजा, जेलमध्ये दाखल झाल्याच्या तारखेपासून नाही. पोलीस कोठडीचे दिवसही धरायचे. मधे अंतरिम जामिनावर बाहेर असेल तर तेवढे दिवस वजा करा. आरोपीमुळे खटला लांबला असेल तर तो काळही वजा होतो, आणि सरकारी वकील नेमकं यावरच बोट ठेवतो. म्हणून न्यायालयातून ऑर्डर शीटची, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याच्या नोंदीची, नक्कल आधीच काढा. कोणती तारीख साक्षीदार न आल्याने गेली, कोणती पोलीस बंदोबस्त न मिळाल्याने आणि कोणती आपल्या वकिलाने मागून घेतली, ते एका कागदावर लिहून अर्जाला जोडा.

कमाल शिक्षा कलमाच्या मजकुरातून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका. साध्या चोरीला पहिल्यांदा ३ वर्षं, म्हणजे एक तृतीयांश १ वर्ष. राहत्या घरातल्या चोरीला किंवा ४२० च्या फसवणुकीला ७ वर्षं, म्हणजे २ वर्षं ४ महिने. पण चोरीसाठी रात्री केलेल्या घरफोडीला, जुन्या दंड संहितेच्या ४५७ ला, १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथे एक तृतीयांश ४ वर्षं ८ महिन्यांवर जातं. "चोरीचीच तर केस" म्हणून वर्षभरात अर्ज टाकला आणि तो फेटाळला गेला, याचं कारण बहुधा हेच असतं.

एफआयआरमधली कलमं आणि आरोप निश्चित होताना राहिलेली कलमं वेगळी असू शकतात. खुनाच्या प्रयत्नात इजा झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे ४७९ बंद. तेच कलम आरोप ठरवताना गळालं असेल तर दार उघडतं. त्यासाठी आरोप निश्चितीच्या आदेशाची नक्कल हातात हवी.

चार्जशीटच आली नसेल तर ४७९ ची वाट पाहू नका. कलम १८७ प्रमाणे ६० दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, चार्जशीट दाखल झाली नाही तर जामिनाचा हक्क तयार होतो. मात्र चार्जशीट दाखल होण्याआधी अर्ज पडला पाहिजे. एक दिवस उशीर झाला तरी तो हक्क जातो.

अर्ज कोण करणार

मुदत भरताच न्यायालयाला लेखी अर्ज करणं हे ४७९ च्या पोटकलम ३ ने जेल अधीक्षकाचं कर्तव्य ठरवलं आहे. पण यादीत नाव येण्याची वाट बघत बसू नये. घरच्यांनी अधीक्षकांच्या नावे अर्ज द्यावा. त्यात कैद्याचं नाव, केस नंबर, सोळा अक्षरी सीएनआर नंबर (खटल्याचा ऑनलाइन ओळख क्रमांक), अटकेची तारीख, कलमं, कमाल शिक्षा आणि मुदत भरल्याची तारीख लिहावी. दोन प्रती करा आणि एकीवर आवक शिक्का घ्या. सोबत कोठडीच्या काळाचा दाखला मागा. हा अर्ज मराठीतही देता येतो: संविधानाचं कलम ३५० कुठल्याही अधिकाऱ्याकडे राज्यात किंवा देशात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडू देतं. तरी काम लवकर व्हायचं असेल तर खाली कन्नड मजकूर जोडा. ज्या कारकुनाला फाईल पुढे सरकवायची आहे, त्याला ती वाचता आली पाहिजे. न्यायालयात जाणारा अर्ज मात्र कन्नड किंवा इंग्रजीतच लागतो.

वकील परवडत नसेल तर बेळगावच्या जिल्हा कायदेविषयक सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा मोफत कायदेशीर मदतीच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला मागितला तर १९८७ च्या कायदेविषयक सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ दाखवा. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची कच्च्या कैद्यांची आढावा समिती असते. तिच्यापुढे नाव ठेवा, असा एक ओळीचा अर्ज प्राधिकरणाच्या सचिवांना वेगळा द्या.

जामीनदार आणि सीमेचा अडथळा

आदेश होऊनही माणूस आत राहतो, तो बहुतेक वेळा इथे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २ मधली व्याख्या नीट वाचा: 'बंधपत्र' म्हणजे जामीनदाराशिवाय दिलेली हमी, आपल्या बोलीत जातमुचलका. एक तृतीयांशाच्या तरतुदीत हाच शब्द आहे. न्यायालय त्याऐवजी जामीनदार मागू शकतं, पण सरकारी वकिलाचं ऐकून आणि लेखी कारण देऊन. म्हणून अर्जातच "जामीनदाराशिवाय बंधपत्रावर" असं स्पष्ट मागा. न मागता सवयीने दोन जामीनदारांचा आदेश होतो, आणि मग तो बदलून घ्यायला आणखी तारखा जातात.

जामीनदार द्यावाच लागला तर खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरांत प्रश्न ठरलेला: जमीन असलेला मामा किंवा मेहुणा चंदगड, गडहिंग्लज, कागलचा. "स्थानिक माणूस आणा" असं तोंडी सांगितलं जातं. त्याला दोन उत्तरं आहेत. १९७८ च्या मोतीराम खटल्यात एका गवंड्याच्या भावाचा जामीन, भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून, नाकारला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवलं आणि १०,००० रुपयांचा जामीन १,००० वर आणला. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात त्याच न्यायालयाने सांगितलं, की स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका अडत असेल तर ती अट घालू नये. नकार मिळालाच तर तो लेखी मागा. तोंडी नकाराविरुद्ध वर जाता येत नाही.

महाराष्ट्रातल्या जामीनदाराने डिजिटल सहीचा सातबारा, आठ-अ, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला, आधार, फोटो आणि चालू वर्षाची शेतसारा पावती आणावी, सोबत सातबाऱ्याचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर नोटरी करून. कर्नाटकातल्याला ताजा पहाणी उतारा (तिकडचा सातबारा) लागतो. दोन्हीकडे गाडी अडते ती नावावर. उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव, वारसा नोंद नाही. किंवा कन्नड उताऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं इंग्रजी नाव जुळत नाही. नावातल्या फरकासाठी शपथपत्र चालतं. वारसा नोंद मात्र एका दिवसात होत नाही, म्हणून दुसरा जामीनदार तयार ठेवा. याआधी कुणाकुणाला जामीन राहिलाय, हे कलम ४८६ प्रमाणे त्याला लिहून द्यावं लागतं. तिथे लपवाछपवी नको.

पैशाअभावी अडलं तर केंद्राच्या २०२३ च्या गरीब कैदी मदत योजनेच्या मूळ नियमांत कच्च्या कैद्यासाठी ४०,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी प्राधिकरणाला कळवायचं असतं. आठव्या दिवशी कळवलं का ते विचारा. महिना उलटला तर अटी सैल करण्याचा अर्ज टाका.

पोटकलम २

एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा अनेक खटले प्रलंबित असतील तर ४७९ खाली सोडू नये, असं हे पोटकलम म्हणतं. ४३६अ मध्ये हे नव्हतं. एकाच एफआयआरमध्ये दोन-तीन कलमं नसतात अशी केस विरळा, त्यामुळे शब्दशः वाचलं तर एका हाताने दिलेली सवलत दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होतं. एकाच घटनेतली कलमं म्हणजे वेगळे खटले नव्हेत, हा मुद्दा अर्जात मांडा. तरीही नाकारलं तर नियमित जामिनाची ४८० आणि ४८३ ही कलमं खुलीच आहेत. लांबलेली कोठडी तिथेही सांगता येते. सत्र न्यायालयानंतर उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ. कमाल शिक्षेइतका काळ भरला असेल तर मात्र पोटकलम २ आड येत नाही. त्यापुढे कोणालाही आत ठेवता येत नाही.

'एकापेक्षा जास्त गुन्हे' हा शब्दप्रयोग बदलायला हवा आणि तो संसदेतच बदलेल, किंवा फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत असल्याने राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यात. खासदाराला पत्र लिहिताना मतदारसंघ बघा: खानापूर आणि कित्तूर उत्तर कन्नड लोकसभेत येतात, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, यमकनमर्डी चिकोडीत, बेळगाव शहर आणि ग्रामीण बेळगावात. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच पत्र पोचवा. "तुरुंगसुधारणा करा" असं लिहिलं तर पोच येते, उत्तर येत नाही. विचारा: पोटकलम २ मुळे किती कैद्यांचे अर्ज नाकारले गेले, राज्यवार? जेलमधल्या नोंदी, कर्मचारी, मुलाखतीची सोय हे राज्यसूचीतले विषय. ते आमदाराकडे द्या, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातल्या हिवाळी अधिवेशनाच्या आधी.