काही साइट्स उघडतात, काही नाही? राउटरच्या फायरवॉलशी झटापट करताना या चुका टाळा

मागच्या महिन्यात आई म्हणाली, अरे ते डायबेटिसच्या आहाराचं पान उघडतच नाहीये, बाकी सगळं नीट चाललंय, बघ ना जरा. मी म्हटलं दोन मिनिटं दे. त्या दोन मिनिटांचे चार दिवस झाले, आणि त्या चार दिवसांत राउटरमध्ये करता येण्यासारखा जवळजवळ प्रत्येक गाढवपणा मी करून बसलो, म्हणून हे लिहितोय.

पहिली चूक म्हणजे फोनचा वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तीच साइट उघडून न बघणं. डेटावरही उघडत नसेल तर साइटच झोपलीये, चहा प्या. डेटावर उघडते आणि घरच्या वायफायवर नाही, तर घोळ राउटरमध्ये नाहीतर नेटवाल्याकडे. अर्ध्या मिनिटाचं काम, मी ते तिसऱ्या दिवशी केलं.

दुसरी चूक, स्क्रीनवर काय लिहून आलंय ते न वाचता रिफ्रेश मारत बसणं. एनएक्सडोमेन असं काही दिसलं तर नावाचा पत्ताच मिळालेला नाही, म्हणजे डीएनएस (नावावरून साइटचा पत्ता शोधून देणारी सोय) किंवा राउटरचा फिल्टर, नाहीतर नाव टाइप करतानाच चुकलंय. टाइम्ड आउट आलं तर वाटेत कोणीतरी पॅकेट (डेटाचा छोटा गठ्ठा) गुपचूप गिळतंय, फायरवॉल (काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणारा राउटरमधला पहारेकरी) बरेचदा असंच करते, नाही म्हणत नाही आणि हो पण म्हणत नाही. रिफ्यूज्ड आलं तर बहुतेक वेळा समोरच्या सर्व्हरपर्यंत पोचलात, दार त्याने लावलंय. आणि पत्त्यात शेवटी कोलन देऊन ८०८० किंवा ८४४३ असा आकडा (पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर) असेल तर फायरवॉलची लेव्हल बघा, कारण बऱ्याच राउटरमध्ये ती हायवर ठेवली की ८०, ४४३ असे मोजकेच पोर्ट बाहेर जाऊ देतात. कॉलेजची, परीक्षेची पोर्टल्स नेमकी अशाच पोर्टवर असली की फॉर्मच्या शेवटच्या तारखेला घरात बोंबाबोंब.

आता माझा मोठा पराक्रम. टाचणी घेतली आणि मागच्या भोकातलं रीसेट दाबलं. रीस्टार्ट आणि रीसेट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हो! रीसेटमध्ये पीपीपीओईचा (नेटवाल्याकडे लॉगिन करायच्या पद्धतीचा) युजर आयडी, पासवर्ड, व्हीलॅनचा (नेटवाल्याने लाइनला दिलेला) आकडा सगळं साफ झालं, आधी एक साइट बंद होती आता अख्खं घर बंद, आणि रविवार असल्यामुळे नेटवाला सोमवारी संध्याकाळी उगवला. हात लावायच्या आधी राउटरच्या सेटिंगच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, एवढंच सांगतो.

नंतर कुठेतरी वाचून कॉम्प्युटर डीएमझेडमध्ये टाकला, म्हणजे बाहेरून येणारं सगळं थेट त्याच्याकडे जाऊ दिलं. हे तर शुद्ध अडाणीपण. डीएमझेड काय किंवा पोर्ट फॉरवर्डिंग काय, ते बाहेरून आत येणाऱ्यांसाठी असतं. आपण आतून बाहेर साइट बघायला जातो तेव्हा त्याचा काडीचा उपयोग नाही, उलट घराचं पुढचं दार सताड उघडं. तसंच फायरवॉल पूर्ण बंद करून बघायची असेल तर दोन मिनिटं बघा आणि लगेच चालू करा, विसरू नका, विशेषतः कनेक्शनवर आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) असेल तर, कारण तिथे घरातल्या प्रत्येक फोन-टीव्हीला स्वतःचा जगजाहीर पत्ता असतो, नॅटचा (अख्खं घर एकाच बाहेरच्या पत्त्यामागे लपवणाऱ्या सोयीचा) आडोसा नसतो, मध्ये उभी असते ती हीच फायरवॉल.

एक भानगड अशी आहे की ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. काही साइट्स पटकन उघडतात आणि काही (बँकेच्या, फॉर्म भरायच्या) अर्ध्यावर लटकतात, नुसतं चक्र फिरतं. पिंग केलं (साइटला छोटी चाचणी-हाक मारली) तर उत्तर मस्त येतं म्हणून माणूस अजूनच चक्रावतो. साध्या इथरनेटवर एका पॅकेटची मर्यादा १५०० बाइट असते, पण पीपीपीओईचं वेष्टन त्यातले ८ खातं, उरतात १४९२. मोठं पॅकेट आलं की वाटेतला राउटर आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवायची पद्धत) निरोप पाठवतो, बाबा जरा लहान पाठव. आणि आपण सिक्युरिटीच्या नावाखाली बाहेरून येणारे असे आयसीएमपी निरोप ब्लॉक केलेले असले की तो निरोपच पोचत नाही, मोठी पॅकेटं हरवत राहतात, पण आपणच मारलेल्या लहान पिंगचं उत्तर आरामात येतं. विंडोजवर पिंगला -एफ (तुकडे करू नकोस) आणि -एल १४७२ (एवढ्या आकाराचं पाठव) लावून बघा, ते अडलं आणि १४६४ गेलं (वरून २८ बाइटचं हेडर धरा, झाले १४९२) तर राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल मर्यादा, १४९२ करा आणि एमएसएस क्लॅम्पिंग (दोन्ही बाजूंना पॅकेटं आधीच लहान ठेवायला लावणारी सोय) असेल तर चालू ठेवा. आयसीएमपीला सरसकट ब्लॉक करू नका, आयपीव्ही६ तर त्याच्याशिवाय धड चालतच नाही.

घड्याळाचंही बघा. शेजारच्या काकूंकडे रोज सकाळी साडेअकरापर्यंत मुलाच्या लॅपटॉपवर नेट नाही, नंतर आपोआप सुरू. महिनाभर नेटवाल्याला शिव्या घालून झाल्या. निघालं काय, तर पॅरेंटल कंट्रोलमध्ये रात्री १० ते सकाळी ६ नेट बंद असं टाकलेलं, आणि राउटरचा टाइमझोन भारताचा नाही तर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) होता, साडेपाच तास मागे. म्हणजे त्याचे रात्रीचे १० वाजायचे आपल्या पहाटे साडेतीनला! लाइट गेली की काही राउटर १९७० सालात जाऊन बसतात ते वेगळंच.

एकाच अँड्रॉइड फोनवर, तेही फक्त घरच्या वायफायवर सगळं बंद असेल तर सेटिंगमधलं प्रायव्हेट डीएनएस बघा, ते ८५३ पोर्टवरून जातं आणि कडक फायरवॉल ते अडवते. ऑटोमॅटिकवर टाका.

आईच्या साइटचं काय झालं? नेटवाला सोमवारी सेटिंग करून गेला, आणि मी मोठ्या हुशारीने, मध्ये एकदाही साइट न तपासता, जुनी बॅकअप फाइल परत चढवली. झालं, दुखणं पुन्हा जागेवर. शेवटी चौथ्या दिवशी फायरवॉलचं एकेक पान वाचत कीवर्ड फिल्टरपाशी (पत्त्यात ठरावीक शब्द आला की साइट अडवणारी सोय) आलो. आयपीएल चालू असताना भाच्याच्या फोनवर सट्ट्याच्या जाहिराती यायच्या म्हणून मीच तिथे 'बेट' (bet, म्हणजे पैज) हा शब्द ब्लॉक केला होता. आणि डायबेटिस म्हणजे dia-bet-es. साइटच्या नावातच होता तो, बरोबर मध्यभागी. तिबेटच्या सहलीची साइट किंवा मुलांना अल्फाबेट शिकवणारी साइट उघडायला गेलो असतो तरी हेच झालं असतं.

शब्द काढला, त्याजागी त्या सट्टेवाल्या साइट्सचे पूर्ण पत्ते टाकले. आईने पान उघडलं, चष्मा वर सरकवून दोन मिनिटं वाचलं आणि म्हणाली, "हात्तिच्या, भात कमी खा एवढंच लिहिलंय की."