पावसात उभ्या ट्रॅक्टरचं जाम इंजिन मोकळं करताना

मुळशी-मावळाकडे पावसाळाभर उघड्यावर उभा राहिलेला ट्रॅक्टर दिवाळीत सुरू करायला जावं, तर इंजिन जाम. सायलेन्सरच्या तोंडातून पाणी उतरतं आणि पिस्टनच्या रिंगा लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) गंजून चिकटतात. लगेच इंजिन खोलायला देऊ नका. आधी हे करून बघा.

१. बॅटरीची वायर काढा, सगळे नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा.

२. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) ऑइल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं हलवून प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धा कप ओता. एटीएफ पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. अ‍ॅसिटोन पटकन पेटतं, त्यामुळे जवळ बिडी-काडी नको.

३. चार-पाच दिवस थांबा, रोज थोडं मिश्रण आणखी ओता. खरं काम इथेच होतं, म्हणून घाई नको.

४. गाडी न्यूट्रलला ठेवून इंजिनच्या पुढच्या क्रँक पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावा. थोडं पुढे, थोडं मागे. केसभर हललं तरी जिंकलात. तसंच झुलवत राहा. अडलं तर पुन्हा मिश्रण ओता. पान्याला पाइप लावून लोंबकळू नका, नट तुटतो. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून तर मुळीच नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

मोकळं झालं की चेंबरचं (इंजिनच्या तळाचं) ऑइल बदला, कारण मिश्रण खाली झिरपलेलं असतं.

एक मात्र विसरू नका: नोझल बसवण्याआधी बॅटरीची वायर परत जोडून, डिझेल बंद करणारा स्टॉप ओढून, नोझलच्या भोकांवर फडकं टाकून, बाजूला उभं राहून स्टार्टर मारा. सिलिंडरमधलं तेल बाहेर उडू द्या. ते आत राहिलं तर पिस्टन त्यावर आदळतो आणि रॉड वाकतो. नोझल बसवताना खाली तांब्याचे वॉशर नवे घाला.