भुसभुशीत झालेला देव्हारा पक्का कसा करावा?

सोलापूरच्या पूर्व भागात माग गेले तरी माळ्यावर जुने धोटे (विणताना आडवा धागा नेणारं मागाचं लाकडी साधन) आणि कोपऱ्यात आजोबांचा देव्हारा हमखास सापडतो. भुंगेऱ्याने पोखरलेलं हे लाकूड नखानेही दबतं. त्याला पॉलिमर, म्हणजे पातळ केलेली कृत्रिम राळ, पाजून बळकटी आणता येते. हे काम थंडीत काढा.

आधी कीड जिवंत आहे का ते बघा. वस्तू काळ्या कागदावर काही दिवस ठेवा. ताजी, फिकट भुकटी पडत असेल तर कीड जिवंत आहे, आणि पॉलिमरने ती मरत नाही. छोटा, बिनरंगाचा धोटा प्लॅस्टिक पिशवीत हवाबंद करून उणे 20 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवता येतो. मग कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा. पाणी लावू नका.

लागणारी राळ म्हणजे पॅरालॉइड बी-72. ती दाण्यांच्या रूपात मिळते. पांढरा गोंद किंवा वॉर्निश वापरू नका. दोन्ही वरच बसतात आणि पुढे सहज काढता येत नाहीत. स्वीडनमध्ये समुद्रातून वर काढलेल्या वासा जहाजावर सतरा वर्षं पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखं रसायन फवारलं, पण ते पाण्यात भिजलेलं लाकूड होतं. आपल्या सुक्या लाकडाला त्याचा उपयोग नाही.

5 ग्रॅम दाणे मलमलीच्या पुरचुंडीत बांधा आणि 100 मिली अ‍ॅसिटोन भरलेल्या काचेच्या बरणीत टांगून ठेवा. नुसते टाकले तर तळाशी चिकट गोळा बसतो. झाकण लावून रात्रभर ठेवा. अ‍ॅसिटोनची वाफ ठिणगीनेही पेटते, त्यामुळे काम अंगणात करा. जवळ समई, उदबत्ती, गॅस काही नको. हातमोजे ब्यूटिल रबराचे घ्या.

आता चाचणी. कापसाच्या बोळ्याने आडबाजूला अ‍ॅसिटोन टेकवा. बोळ्याला रंग लागला तर तिथेच थांबा. लाखेचं काम असेल तर तेही विरघळेल. अशा वस्तूसाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन विभागाला विचारा.

रंग सुटला नाही तर द्रावण सिरिंजने भोकांत थेंब थेंब सोडा. कापलेल्या टोकांना ब्रशने लावा, तिथून ते सरसर आत जातं. आधीचं ओलं असतानाच पुढचं द्या, लाकूड प्यायचं थांबेपर्यंत. वर चकाकी आली तर अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने लगेच पुसा. मग वस्तू प्लॅस्टिकमध्ये सैलसर गुंडाळून ठेवा. आपल्या कोरड्या हवेत अ‍ॅसिटोन भर्रकन उडतं आणि जाता जाता राळ पृष्ठभागावर ओढून आणतं. आतलं लाकूड पोकळच राहतं. आठवड्याने उघडा. अजून दबत असेल तर 10 टक्क्यांचं (100 मिलीला 10 ग्रॅम) द्रावण द्या.

वाड्याच्या तुळईवर हा उपाय चालत नाही. राळ भार पेलत नाही, तिथे सुतारच लागतो. आणि ही राळ 40 अंशांच्या आसपास मऊ पडून धूळ धरते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा त्याच्याही वर जातो, तेव्हा देव्हारा पत्र्याखाली न ठेवता खालच्या खोलीत ठेवा.