मर्यादित पैशांत पहिला डीएसएलआर कॅमेरा निवडताना

पहिला डीएसएलआर कॅमेरा घ्यायचे ठरले की बहुतेक जण मॉडेलची नावे गोळा करू लागतात. पैसे मोजके असतील तर त्याआधी एक हिशेब मांडावा लागतो : ठरवलेल्या रकमेतला किती भाग बॉडीवर, किती लेन्सवर आणि किती कार्ड, बॅटरी, बॅग अशा वस्तूंवर जाणार? माझे स्पष्ट मत असे आहे की, बॉडीवर निम्म्याहून अधिक रक्कम लावू नये. पुढचे मॉडेल आले की बॉडीची किंमत उतरते, तिचे शटर झिजते, तिच्यातील इलेक्ट्रॉनिक भाग जुने होतात. नीट सांभाळलेली लेन्स मात्र दोन-तीन बॉडींना पुरून उरते. चित्राची स्पष्टता, पार्श्वभूमीचा धूसरपणा आणि कमी उजेडातही न हललेला फोटो या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी लेन्सवर अवलंबून असतात, आणि फोन बाजूला ठेवून डीएसएलआरकडे वळावेसे वाटते ते बहुधा याच गोष्टींसाठी.

आज डीएसएलआर घ्यावाच का, हा प्रश्न रास्त आहे. मोठ्या कंपन्यांनी आपले सारे लक्ष आता मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांकडे वळवले आहे. डीएसएलआरच्या अलीकडच्या मॉडेलांत कॅननचा ९०डी २०१९ सालचा, निकॉनचा डी७८० २०२० सालचा आणि पेंटॅक्सचा के-३ मार्क ३ २०२१ सालचा. नव्या मॉडेलांची वाट पाहण्यात त्यामुळे अर्थ उरलेला नाही. पण याच कारणाने अनेक छायाचित्रकार आपल्या चांगल्या स्थितीतील बॉडी आणि लेन्स विकत आहेत, आणि मोजक्या पैशांत शिकू पाहणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे. आरशातून थेट दिसणाऱ्या दृश्याला वीज लागत नाही, म्हणून बॅटरीही पुष्कळ टिकते. निकॉन डी३५०० एका चार्जमध्ये प्रमाणित चाचणीनुसार सुमारे १,५५० फोटो काढतो. मुख्य काम व्हिडिओचे असेल, किंवा धावत्या मुलांच्या डोळ्यांवर आपोआप फोकस राहावा अशी अपेक्षा असेल, तर मात्र थोडे थांबून, अधिक पैसे साठवून मिररलेस घेणेच योग्य ठरेल.

बॉडी निवडणे म्हणजे खरे तर माउंट निवडणे. लेन्स ज्या कड्यावर बसते ते माउंट प्रत्येक कंपनीचे वेगळे असते आणि एकदा दोन-तीन लेन्स जमल्या की दुसऱ्या कंपनीकडे जाणे महाग पडते. निकॉनचे एफ माउंट १९५९ पासून, पेंटॅक्सचे के माउंट १९७५ पासून आणि कॅननचे ईएफ माउंट १९८७ पासून चालत आले आहे, त्यामुळे तिन्हींसाठी वापरलेल्या लेन्स भरपूर आहेत. मात्र ‘बसते’ आणि ‘पूर्णपणे चालते’ यांत फरक असतो, आणि नवशिक्याचे पैसे सर्वाधिक वाया जातात ते हा फरक न कळल्यामुळे. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० या मालिकांतील बॉडीमध्ये फोकसची मोटर नसते. त्यांच्यावर एएफ-एस लेन्स स्वतःच्या मोटरने फोकस करते, पण जुनी, स्वस्त आणि मोहात पाडणारी एएफ-डी लेन्स लावली तर फोकस हातानेच करावा लागतो. डी७००० मालिकेत मोटर असल्याने ही अडचण येत नाही. याच्या उलटही घडते. निकॉनच्या नव्या एएफ-पी लेन्स डी९०, डी३१०० किंवा डी५१०० यांसारख्या जुन्या बॉडीवर मुळीच फोकस करत नाहीत, हातानेसुद्धा नाही. कॅननच्या ईएफ पद्धतीत मोटर नेहमी लेन्समध्येच असते, म्हणून हा गोंधळ तेथे नाही. तेथे एवढेच लक्षात ठेवावे की ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम, म्हणजे चित्र टिपणारा सेन्सर मोठा असलेल्या, बॉडीवर बसत नाहीत. कोणतीही लेन्स घेण्यापूर्वी तिचे संपूर्ण नाव आणि आपल्या बॉडीचे नाव शेजारी शेजारी लिहून कंपनीच्या सुसंगततेच्या तक्त्यात तपासावे.

मेगापिक्सेलचा विचार फार करू नये. ए४ आकाराच्या कागदावर प्रति इंच ३०० ठिपक्यांनी छापायला सुमारे ८.७ मेगापिक्सेल लागतात, आणि गेल्या दशकातील साधारण कोणताही डीएसएलआर त्याहून बराच पुढे आहे. फुल फ्रेमचा हट्टही सुरुवातीला सोडावा. ३६ × २४ मिलिमीटरचा तो सेन्सर उत्तम असतो, पण त्याला शोभतील अशा लेन्स महाग आणि जड असतात. त्याहून लहान अशा एपीएस-सी सेन्सरवर लेन्सचा दृश्यकोन निकॉनमध्ये १.५ पट आणि कॅननमध्ये १.६ पट अरुंद होतो, एवढे समजून घेतले की पुरे.

बॉडीच्या बाबतीत खरा निर्णय वेगळाच आहे : सर्वात स्वस्त श्रेणीतील नवी बॉडी घ्यावी, की तेवढ्याच पैशांत मधल्या श्रेणीतील, काही वर्षे वापरलेली? मी बहुतेकांना दुसरी वाट सुचवतो. निकॉन डी७१०० किंवा कॅनन ७०डी, दोन्ही २०१३ सालच्या, यांच्यावर बोटांसाठी दोन चक्रे असतात. एकाने छिद्र (लेन्समधून उजेड आत येण्याची वाट) आणि दुसऱ्याने शटरचा वेग बदलता येतो, त्यामुळे उजेडाचे गणित हाताला लवकर वळते. स्वस्त बॉडीमध्ये एकच चक्र असते आणि दुसरे मूल्य बदलण्यासाठी बटण दाबून धरावे लागते. व्ह्यूफाइंडरचा फरक याहून मोठा आहे. स्वस्त बॉडीमध्ये आरशांची जोडणी असते, मधल्या श्रेणीत बऱ्याचदा काचेचा भरीव प्रिझम असतो, आणि प्रिझममधले दृश्य अधिक मोठे व उजळ दिसते. फोकस बसला की नाही हे ज्याला डोळ्यांनी ओळखायला शिकायचे आहे, त्याने दोन्हींतून एकदा तरी पाहून मग ठरवावे. ७०डी मध्ये आणखी एक गुण आहे : सेन्सरवरच फोकस करणारी ड्युअल पिक्सेल पद्धत कॅननने याच मॉडेलपासून आणली, म्हणून मागच्या पडद्यावर पाहून चित्रीकरण करणाऱ्याला ते सोयीचे पडते. वजन मात्र वाढते, आणि जो कॅमेरा जड वाटून घरीच राहतो तो कितीही गुणी असला तरी उपयोगाचा नाही. हाताला पेलत नसेल तर लहान बॉडीच घ्यावी.

लेन्समध्ये सुरुवात १८–५५ मिलिमीटरच्या किट लेन्सने, म्हणजे बॉडीसोबत मिळणाऱ्या लेन्सने, करावी. तिला नावे ठेवण्याची पद्धत आहे, पण उन्हात आणि उघड्यावर ती चांगले चित्र देते व कोणता दृश्यकोन आपल्याला भावतो हे तिच्यामुळे कळते. तिची खरी मर्यादा कमी उजेडात दिसते. ५५ मिलिमीटरला तिचे छिद्र एफ/५.६ पेक्षा अधिक उघडत नाही, तर एफ/१.८ ची साधी स्थिर (झूम न होणारी) लेन्स त्याच्या नऊपटींहून अधिक उजेड आत घेते. जेथे किट लेन्सला सेकंदाचा पंधरावा भाग लागून चित्र हलते, तेथे स्थिर लेन्स सव्वाशेव्या भागात काम करते. म्हणून ‘दोन झूम लेन्ससह’ असा संच घेण्यापेक्षा एक किट लेन्स आणि एक उजळ स्थिर लेन्स घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. निकॉनसाठी ३५ मिलिमीटर एफ/१.८जी डीएक्स ही लेन्स एपीएस-सीवर डोळ्यांना नैसर्गिक वाटणारा कोन देते. कॅननची ५० मिलिमीटर एफ/१.८ एसटीएम स्वस्त आणि उत्तम आहे, पण एपीएस-सीवर ती ८० मिलिमीटरसारखी अरुंद होते. व्यक्तिचित्रांसाठी ती छान, लहान खोलीत मात्र मागे सरकायला जागा उरत नाही. तशा जागेसाठी २४ मिलिमीटर एफ/२.८ एसटीएम बरी.

वापरलेली वस्तू घेताना घाई करू नये. शक्यतो दिवसाच्या उजेडात भेटावे आणि स्वतःचे रिकामे मेमरी कार्ड, एक टॉर्च आणि जमल्यास लॅपटॉप सोबत न्यावा. प्रथम लेन्स बॉडीपासून वेगळी करावी, तिचे छिद्र पूर्ण उघडावे आणि एका बाजूने टॉर्च धरून दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे. थोडी धूळ दिसली तर चिंता नको. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी होय आणि अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी. मी घेतलेल्या पहिल्या वापरलेल्या लेन्समध्ये अशीच बुरशी निघाली. छताच्या दिव्याखाली काच निर्मळ दिसली होती आणि टॉर्च लावण्याचे मला सुचले नव्हते. छिद्राच्या पात्यांवर तेलाचा ओलसर थर आहे का, झूमचे कडे सारख्या जोराने फिरते का, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

बॉडी तपासताना छिद्र एफ/१६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोकस नसलेला फोटो घ्यावा. सेन्सरवरची घाण त्यात काळ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसते. धूळ साफ होते, पण ओरखडा असेल तर तो राहतो. लेन्सवर झाकण ठेवून काही सेकंदांचा फोटो घेतला की सदोष पिक्सेल रंगीत बिंदूंसारखे उठून दिसतात. मग प्रत्येक बटण, दोन्ही चक्रे, फ्लॅश आणि सर्व फोकस बिंदू एकेक करून वापरून पाहावेत, आणि सर्वात वेगवान शटरवर सलग फोटो काढून एखाद्या फोटोत काळी पट्टी तर येत नाही ना, हे तपासावे. शटर किती वेळा उघडले याचा आकडा निकॉनच्या फोटो फाइलमध्येच नोंदलेला असतो. कॅननच्या बहुतेक बॉडींचा आकडा काढण्यासाठी कॅमेरा संगणकाला जोडून वेगळे सॉफ्टवेअर वापरावे लागते. डी७१०० चे शटर १,५०,००० वेळांपर्यंत तपासलेले आहे, पण ही हमी नव्हे, अंदाज होय. विकणाऱ्याने सांगितलेला वापर आणि हा आकडा जुळत नसेल तर सौदा तेथेच थांबवावा. बॉडीवरचा क्रमांक खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे पाहणे चोरीचा माल टाळण्यासाठी आवश्यक आहे.

नवा कॅमेरा घेत असाल तर हमीपत्र आपल्या देशात चालते का, एवढे विचारून घ्यावे. इतरांपेक्षा फारच स्वस्त मिळणारी बॉडी पुष्कळदा दुसऱ्या देशातून आलेली असते. संचासोबत ‘मोफत’ मिळणारा हलका ट्रायपॉड आणि स्वस्त फिल्टर यांना किंमत देऊ नये. एक जास्तीची बॅटरी, लेन्सची धूळ उडवणारा रबरी ब्लोअर आणि दोन मध्यम आकाराची मेमरी कार्डे यांसाठी मात्र रक्कम राखून ठेवावी. कार्ड बॉडीच्या वयाप्रमाणे घ्यावे : ३२ जीबीपर्यंतची कार्डे एसडीएचसी प्रकारची असतात, त्याहून मोठी एसडीएक्ससी असतात आणि जुन्या बॉडी ही दुसऱ्या प्रकारची कार्डे ओळखत नाहीत. निकॉन डी७० किंवा कॅनन ३००डी इतक्या जुन्या कॅमेऱ्याला तर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लागते.

कॅमेरा हाती आला की व्ह्यूफाइंडरजवळचे लहान चक्र फिरवून आतली अक्षरे आपल्या नजरेला स्पष्ट दिसतील असे करावे. फोकस चुकतो अशी तक्रार अनेकदा एवढ्यानेच मिटते. परत करण्याची मुदत असेल तर त्या दिवसांतच कडक उन्हात, संध्याकाळी आणि घरातल्या दिव्यात भरपूर फोटो काढून दोष शोधावेत. पुढची लेन्स लगेच घेऊ नये. चार-सहा महिन्यांनी आवडलेले शंभरएक फोटो निवडून त्यांतील प्रत्येक फाइलमध्ये नोंदलेले फोकल लेंग्थचे, म्हणजे लेन्सच्या मिलिमीटरचे, आकडे पाहावेत. बहुतेक फोटो ५५ मिलिमीटरला निघाले असतील तर ५५–२०० किंवा ५५–२५० सारखी दूरची लेन्स उपयोगी पडेल, १८ ला निघाले असतील तर अधिक रुंद कोनाची. आणि बहुतेक आवडते फोटो त्या एका उजळ स्थिर लेन्सचेच असतील, तर उरलेले पैसे तसेच राहू द्यावेत.